जे वाचनालयात येत नाहीत, त्यांच्यासोबत वाचनालय कसं बदलायचं

रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं, नाशिकचं 1840चं, पुण्याचं 1848चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893मध्ये आणि मुंबईचं 1898मध्ये सुरू झालं. वाचनाची एवढी जुनी परंपरा फार थोड्या प्रांतांत सापडेल. पण ही वाचनालयं ज्यांनी काढली त्यांच्या घरांजवळ, त्यांच्या सवडीच्या वेळा धरून आणि त्यांच्या आवडीची पुस्तकं घेऊन ती उभी राहिली. पुढे 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला, अनुदान मिळू लागलं आणि वाचनालयं तालुक्यांत, खेड्यांत पोचली. जुन्या वाचनालयांची रीत मात्र बऱ्याच ठिकाणी जशीच्या तशी उचलली गेली: अनामत, जामीनदार, सकाळ-संध्याकाळची ठरलेली वेळ, आणि पुस्तकांची निवड दोन-तीन जाणत्यांच्या हाती.

हे बदलायचं म्हटलं की बहुतेक मंडळं कार्यक्रमांपासून सुरुवात करतात. वस्तीत पुस्तक प्रदर्शन भरतं, व्याख्यान होतं, फोटो निघतात आणि पुढच्या महिन्यात सगळं पूर्ववत होतं. बदल टिकतो तो निर्णयाचा वाटा दिल्यावर. कुठली पुस्तकं घ्यायची, दार कधी उघडायचं, हरवलेल्या पुस्तकाचं काय करायचं, हे ठरवताना आजवर बाहेर राहिलेली माणसं बसली पाहिजेत. पुढची रीत ड आणि क वर्गाच्या, म्हणजे अनुदानाच्या श्रेणींत खालच्या पायऱ्यांवर असलेल्या छोट्या वाचनालयांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण खेड्यांत तीच जास्त आहेत आणि त्यांच्याकडे माणसं व पैसा दोन्ही कमी असतं.

आधी मोजा

सभासद नोंदवही आणि देवघेव नोंदवही काढा. मागच्या बारा महिन्यांत निदान तीनदा पुस्तक नेलेल्या सभासदांची यादी करा. नावापुरते सभासद, किंवा आजीव सभासद होऊन पुन्हा न फिरकलेले, यात धरू नका. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: वस्ती, स्त्री की पुरुष, आणि वयोगट (14पर्यंत, 15 ते 25, 26 ते 59, 60च्या वर). जात विचारू नका. विचारली की माणूस सावध होतो, आणि आपल्या कामाला वस्तीचं नाव पुरतं. वस्त्यांची नावं मात्र तपासून घ्या. जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य शासनानं 2020 साली घेतला. वाचनालयाच्या जुन्या नोंदवह्यांत, पत्त्यांत ती नावं अजून असतील तर कामाची सुरुवात ती दुरुस्त करण्यापासूनच होऊ द्या.

आता प्रत्येक वस्तीतली घरं मोजा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8मध्ये घरांची नोंद असते, पण आकारणी न झालेल्या झोपड्या, पालं त्यात येत नाहीत. अंगणवाडीची कुटुंब सर्वेक्षण नोंदवही अधिक भरवशाची, कारण ती घरोघर फिरून भरलेली असते. मग शंभर घरांमागे वाचते सभासद किती, हे काढा. समजा पेठेत 220 घरं आणि 66 वाचते सभासद आहेत. शंभरामागे 30 झाले. भीमनगरात 140 घरं आणि 7 सभासद, शंभरामागे 5. या दोन आकड्यांवर कार्यकारी मंडळाची बैठक घ्या. 'आमच्याकडे कुणालाही मज्जाव नाही' हे वाक्य बैठकीत येणारच, आणि ते खरंही असतं. तरीही 30 आणि 5 हा फरक का आहे, याचं उत्तर मंडळालाच द्यायचं आहे.

सोबत एक आठवडा निरीक्षण करा. दिवसातून चार ठरलेल्या वेळी दहा मिनिटं, कोण कुठे बसलंय ते कागदावर टिपा. बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती पुरुष, आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची मुलं, आणि बायका आल्याच तर काउंटरपाशी उभ्या राहून पुस्तक बदलून लगेच परत. त्यांना बसायला जागाच ठेवलेली नसते. हे कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहायचं.

ऐकायला जा, बोलावू नका

वाचनालयात बोलावलेल्या सभेला जे एरवी येतात तेच येतात. वस्तीत जा, आणि त्यांच्या वेळेला जा. मजुरीला जाणाऱ्या बायका रात्रीचा स्वयंपाक आवरून साडेआठनंतर मोकळ्या होतात. ऊसतोडीची कुटुंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात, त्यामुळे बीड किंवा अहिल्यानगरच्या गावात ही बैठक पावसाळ्यात घ्या. वाचनालय कारखान्याच्या परिसरात असेल तर उलट करा: हंगामात कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर जा. तिथे मुकादमाच्या, म्हणजे कामगारांची टोळी आणणाऱ्याच्या कानावर घालणं भाग असतं, पण त्याला भागीदार करू नका. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याच्याकडून घेतलेली असते, त्यामुळे त्याच्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही.

दोघांनी जायचं: एक विचारणार, एक लिहिणार. मंडळाचे सात-आठ जण गेले की ती पाहणी होते, आणि लोक पाहुण्यांशी बोलावं तसं बोलतात. बायकांची बैठक वेगळी, आणि तिथे विचारणारीही बाईच हवी. 'तुम्हाला कुठली पुस्तकं हवीत?' असं विचारू नका. 'तुम्ही आणाल ती चालतील' हेच उत्तर येतं, कारण ज्यानं कधी पुस्तकांची निवड केलेली नाही त्याच्यापुढे हा प्रश्न उघडतच नाही. त्याऐवजी हे विचारून पाहा: गेल्या महिन्यात कुठला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला? मुलं संध्याकाळी अभ्यासाला कुठे बसतात, तिथे दिवा आहे का? घरात छापलेलं काय काय आहे? आमच्या वाचनालयात कधी आलात का, पुन्हा का नाही आलात? शेवटच्या प्रश्नाला फार नेमकी उत्तरं मिळतात: 'जामीन कुणाला मागायचा', 'चार पुरुष बसलेले असतात', 'पोरानं पान फाडलं तर पैसे कुठून भरायचे'.

जे ऐकलं ते पंधरा दिवसांच्या आत त्याच जागी परत वाचून दाखवा. आम्ही हे लिहून घेतलं, बरोबर आहे का, काय राहिलं? ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात. मग वस्तीच्या लेखी ती आणखी एक माहिती घेऊन गेलेली मंडळी ठरते, आणि तिसऱ्यांदा गेल्यावर दारं उघडत नाहीत.

भागीदार कोण, आणि कागदावर काय

वस्तीत आधीपासून चालू असलेलं संघटन शोधा. बचत गटांचा ग्रामसंघ, बुद्धविहार समिती, शाळा व्यवस्थापन समिती, पाड्यावरची ग्रामसभा, दिव्यांगांची संघटना, मदरशाची समिती, घरकामगारांची संघटना. दर महिन्याला भेटणारं आणि हिशोब ठेवणारं संघटन निवडा. केवळ आपल्या काकांच्या ओळखीचा एक उत्साही तरुण, हा भागीदार होत नाही. तो नोकरीला लागला की काम थांबतं. आशा आणि अंगणवाडी सेविका यांना सगळं गाव माहीत असतं, म्हणून प्रत्येक योजना त्यांच्याच गळ्यात पडते. त्यांचा सल्ला घ्या, वस्तीत ठेवायची पुस्तकांची पेटी सांभाळायचं काम लावू नका.

एका पानाचं सहकार्यपत्र करा. त्यात एवढं असलंच पाहिजे:

– वाचनालय काय देणार: पुस्तकांची संख्या, बदलण्याचा वार, दुरुस्ती, मानधन.
– संघटन काय देणार: जागा, दोन किल्लीधारक, महिन्यातून एक बैठक.
– पुस्तक खरेदीतल्या किती रकमेचा निर्णय संघटनाचा.
– हरवलेल्या, फाटलेल्या पुस्तकांची जबाबदारी: वाचनालयाची.
– मुदत एक वर्ष. तीन महिन्यांनी आढावा. कुणालाही एक महिन्याची सूचना देऊन थांबता येईल.

मसुदा मंडळानं एकट्यानं लिहून सहीला पाठवू नका. वस्तीच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, तिथे सुचलेले बदल तिथेच हातानं लिहा, मग दोन्ही प्रतींवर सह्या घ्या. मंडळाचा ठराव इतिवृत्तात हवा; तो नसेल तर सचिव बदलल्यावर पत्राला कुणी विचारत नाही.

मानधनावर थोडं थांबायला हवं. वस्तीतल्या बाईनं आठवड्यातून दोन संध्याकाळ पुस्तकं द्यायची, नोंद ठेवायची आणि तेही फुकट, ही अपेक्षा अन्यायाची आहे. जिचा एक दिवसाचा खाडा परवडत नाही तिच्याकडूनच आपण सेवाभाव मागतो. दरमहा 500 रुपये धरले तर दोन वस्त्यांचे वर्षाचे 12,000 होतात. तेवढी तजवीज नसेल तर एकाच वस्तीपासून सुरुवात करा, पण फुकट राबवू नका. हीच गोष्ट ग्रंथपालाची. ड वर्गात बहुधा एकच कर्मचारी असतो, तोही तुटपुंज्या वेतनावर. वस्तीसाठी वेळ वाढवायची तर त्याचे तास वाढवू नका, ते हलवा. वर्गानुसार जेवढा वेळ दार उघडं ठेवणं बंधनकारक आहे तेवढाच ठेवा, पण त्यातला एक भाग दुपारी दोन ते चार असा बायका-मुलांच्या सवडीला आणा.

नियम बदला, तेही पुस्तकं हलवण्याच्या आधी

अनामत 300 रुपये आणि वर्गणी महिना 30, असं समजा. एका घरात आई आणि दोन मुलं वाचणार असतील तर पहिल्या दिवशी 990 रुपये लागतात. रोजंदारीवरच्या घराला इथेच दार बंद होतं. त्यात जामीनदार म्हणून 'विद्यमान सभासद' हवा असेल, तर ज्या वस्तीत सभासदच नाहीत तिथे नवा सभासद होणारच नाही. वाचनालय कुणाला अडवत नसतं; हा एक नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या अडवत राहतो.

पर्याय असे. अनामतीऐवजी भागीदार संघटनाची शिफारस घ्या: ग्रामसंघाच्या बैठकीत नावं वाचली गेली, ठराव झाला, की सभासदत्व. पत्त्याचा पुरावा मागू नका. शाळेचं ओळखपत्र किंवा ग्रामसंघाची नोंद पुरे. मुलांना वर्गणी माफ. कुटुंबाला एकच कार्ड, त्यावर तीन पुस्तकं. विलंब शुल्क बंद. ज्याचा 40 रुपये दंड थकला तो लाजेनं परत येत नाही, आणि त्याच्यासोबत पुस्तकही जातं. दंड माफ केला की उलट जुनी पुस्तकं परत येऊ लागतात. वर्गणी आणि अनामत ठरवण्याचा अधिकार तुमच्या संस्थेच्या घटनेत कुणाला दिला आहे ते आधी पाहा. कार्यकारी मंडळाला असेल तर ठराव पुरतो. सर्वसाधारण सभेला असेल तर विषयपत्रिकेवर तो विषय स्पष्ट शब्दांत घालून मंजुरी घ्या.

'पुस्तकं हरवतील' हा आक्षेप हमखास येतो, आणि त्याला आकड्यानंच उत्तर द्या. केंद्र सरकारच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम 215 सांगतो, की वर्षाला दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवणं वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. हा नियम अनुदानित सार्वजनिक वाचनालयांना थेट बांधत नाही, पण मंडळापुढे ठेवायला तो चांगला दाखला आहे. सरासरी किंमत 150 रुपये धरली तर हजार देवघेवींमागे नुकसान 750 रुपयांचं. एवढी रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवा. हरवलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत नुसतं खोडू नका. वर्षाअखेर यादी करून मंडळाचा ठराव घ्या, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला कळवून रीतसर निर्लेखन करा, म्हणजे ती पुस्तकं नोंदीतून कमी करून घ्या. वार्षिक तपासणीत अडचण येते ती पुस्तकं हरवली म्हणून कमी, आणि कागद नाहीत म्हणून जास्त.

पेटी

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी 1910मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावलं आणि गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवायची व्यवस्था लावली. ती रीत आजही चालते. पेटीत काय भरायचं आणि पेटी कुणाच्या हाती ठेवायची, हे मात्र ठरवून करावं लागतं.

दोन वस्त्या असतील तर तीन पेट्या करा. दोन वस्तीत, तिसरी वाचनालयात दुरुस्तीला आणि भरायला. दर चार आठवड्यांनी फिरवा. एका पेटीत 50 पुस्तकं: 20 चित्रांची, मोठ्या अक्षरांची, 10 किशोरांसाठी, 10 कथा, आत्मकथनं, 5 आरोग्य, शेती, कायद्याची, 5 वस्तीच्या मागणीची. चित्रपुस्तक साधारण 100 ग्रॅमचं आणि कादंबरी 300च्या आसपास, त्यामुळे पत्र्याच्या पेटीसकट वजन पंधरा-सोळा किलो होतं आणि सायकलच्या कॅरिअरवर जातं. शंभर पुस्तकं कोंबली की रिक्षा लागते, आणि रिक्षाचे पैसे संपले की पेटी फिरायची थांबते.

पेटी कुणाच्या घरात ठेवू नका. त्या घराशी ज्यांचं बोलणं नाही ते येत नाहीत, आणि वस्तीत अशी दोन-चार घरं असतातच. समाजमंदिर, विहार, अंगणवाडी, नाहीतर सगळ्यांची उठबस असलेलं किराणा दुकान. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या घरांत, त्यातली एक बाईकडे. जमिनीपासून चार-पाच इंच वर, दोन विटांवर फळी टाकून पेटी ठेवा. पावसाळ्यात ती आठवड्यातून एकदा उन्हं पडल्यावर तासभर उघडी ठेवली नाही तर पुस्तकांना बुरशी येते आणि कसर लागते.

नोंदीला शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, पुस्तक क्रमांक, नाव, परत. पुस्तकाचं नाव लिहायला लावू नका. क्रमांक पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत चिकटवा. लिहायला न येणाऱ्या आजीही 27 हा आकडा ओळखतात आणि त्यावर बोट ठेवतात. वाचता न येणाऱ्यांसाठी पेटीच्या दिवशी अर्धा तास मोठ्यानं वाचन ठेवा. काम दिसायला छोटं आहे, पण पेटीभोवती माणसं जमतात ती त्यामुळेच.

पुस्तकं कोण निवडणार

अनुदानातून होणाऱ्या खरेदीचे जे नियम आहेत ते पाळूनही निवडीला बराच वाव उरतो. वर्षाच्या ग्रंथखरेदीतला निदान तिसरा हिस्सा भागीदारांच्या निर्णयासाठी राखून ठेवा आणि तसं सहकार्यपत्रात लिहा.

निवड यादीवरून होत नाही, पुस्तक हातात धरून होते. विक्रेत्याकडून 80 ते 100 पुस्तकं परत करण्याच्या बोलीवर आणा आणि वस्तीत चटईवर मांडा. प्रत्येकाला पाच टिकल्या द्या. आवडलेल्या पुस्तकात ठेवलेल्या कागदावर चिकटवायच्या. मुलांच्या टिकल्यांचा रंग वेगळा, बायकांच्या वेगळा, म्हणजे कुणाची पसंती कशाला हे नंतर कळतं. मंडळाच्या माणसांनी त्या वेळी सुचवायचं नाही, 'हे चांगलं आहे' असंही म्हणायचं नाही. टिकल्या मोजून तिथेच यादी वाचा आणि त्याच पानावर वस्तीतल्या दोघींच्या सह्या घ्या. पुस्तकं पंधरा दिवसांत आली पाहिजेत. तीन महिने लागले तर आपलं म्हणणं खरंच चालतं हा विश्वास उरत नाही.

पैसा पुरावा म्हणून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, नॅशनल बुक ट्रस्ट यांची स्वस्त पुस्तकं आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवूनही घेता येतात. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली भागात घरची भाषा कोरकू, भिली किंवा गोंडी असते, आणि छापील मराठी ही मुलांची दुसरी भाषा. तिथे प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत मंचावरच्या चित्रकथा छापून वापरता येतात, आणि त्यावर गावातल्या मोठ्या माणसांकडून त्यांच्या भाषेतला मजकूर लिहून चिकटवताही येतो. आठ पानांची काळी-पांढरी पुस्तिका स्थानिक झेरॉक्सवर वीस-पंचवीस रुपयांत होते. उर्दू वाचणारी घरं असतील तर उर्दू पुस्तकं मागच्या कपाटात ठेवू नका, दाराजवळ ठेवा.

दार, पायऱ्या, आवाज

दोन पायऱ्या म्हणजे साधारण 30 सेंटीमीटर उंची. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे लांबी 3.6 मीटर. जागा नाही म्हणून दीड मीटरमध्ये उतार बसवतात. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्यानं चढत नाही, आणि उतरताना उलटण्याची भीती असते. रुंदी 1.2 मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर खुर्ची वळवायला दीड मीटरची सपाट जागा. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटीमीटर. सगळं नीट करून दाराचा उंबरा तसाच ठेवलेला असतो, किंवा रॅम्प उघड्या गटारापाशी संपतो, हे वारंवार दिसतं. म्हणून गवंड्याला काम देण्याआधी गावातल्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला जागेवर आणून खडूनं रेषा आखून घ्या.

दृष्टिहीन वाचकांसाठी एक जुना संगणक, हेडफोन आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर पुरतो. तो मराठी वाचतो. सुगम्य पुस्तकालय ही 2016मध्ये सुरू झालेली ऑनलाइन व्यवस्था आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना तिथे नोंदणी करून पुस्तकं घेता येतात. छापील पुस्तक अशा वाचकासाठी सुलभ रूपात आणण्याची मोकळीक कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीनं दिली आहे, त्यामुळे त्यासाठी पुस्तक स्कॅन करायला घाबरू नका. ती प्रत त्या वाचकापुरती ठेवायची आणि त्यावर नफा घ्यायचा नाही.

यासाठी पैसा ग्रामपंचायतीकडे मागा. स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि पुष्कळदा मार्चमध्ये हा निधी कुठे खर्चावा हा प्रश्न पडलेला असतो. अर्ज मार्चमध्ये देऊन उपयोग नाही. पुढच्या वर्षाचा आराखडा बनतो त्या ग्रामसभेत ठराव यायला हवा, आणि तो वाचनालयाच्या सचिवानं नव्हे, वस्तीतल्या माणसांनी मांडायला हवा. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रात 5 टक्के अबंध निधीचं, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेल्या पैशाचं नियोजन ग्रामसभाच करते, तिथे हे आणखी सोपं जातं.

मंडळात जागा

पहिल्या वर्षी घटनादुरुस्तीच्या मागे लागू नका. एक उपसमिती नेमा: निम्म्याहून जास्त सदस्य भागीदार संघटनांचे. तिला लेखी अधिकार द्या: राखीव खरेदीचा निर्णय, पेटीची जागा, दुपारची वेळ. मंडळानं तो निर्णय फिरवायचा असेल तर कारण इतिवृत्तात लिहावं लागेल, एवढं एक कलम घाला. अधिकाराशिवाय नेमलेल्या 'सल्लागार समिती'वर माणसं दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

दुसऱ्या वर्षी कार्यकारी मंडळात जागा द्या. एकच बाई किंवा वस्तीतला एकच माणूस घेतला तर तो बहुधा गप्प बसतो, कारण त्याच्या बोलण्याला दुजोरा द्यायला कुणी नसतं. निदान दोघं, शक्य तर तिघं घ्या. त्यासाठी सभासदत्वाची किमान मुदत किंवा आजीव वर्गणीची अट आड येत असेल तर घटनादुरुस्ती करावी लागेल. तिची पद्धत तुमच्याच घटनेत असते. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. मंडळाची बैठक रात्री उशिरा, कुणाच्या ओसरीवर ठेवू नका. इतिवृत्त सुरुवातीला पूर्ण वाचून दाखवा, नुसतं 'कायम केलं' म्हणून पुढे जाऊ नका.

जुने वाचक नाराज होतील. गोंगाट वाढला, टेबल अडलं, मुलं पानं चाळत बसतात, अशा तक्रारी येतील आणि त्यांतल्या काही रास्त असतील. वेळापत्रकानं त्या सुटतात: सकाळचा वेळ शांत वाचनाचा, दुपार बायका-मुलांची, संध्याकाळ सगळ्यांची. अभ्यासिकेतल्या मुलांना त्यांची खोली राहू द्या, पण सगळं वाचनालय अभ्यासिका होऊ देऊ नका. गावातल्या बारा-पंधरा तरुणांची सोय झाली म्हणजे गावाची झाली असं नव्हे. त्याच मुलांकडून आठवड्याला दोन तास वस्तीतल्या शाळकरी मुलांचा अभ्यास घ्यायची बोली करा. पुष्कळ जण आनंदानं करतात.

तीन महिन्यांनी काय पाहायचं

चार आकडे पुरेत: वस्तीनुसार शंभर घरांमागे वाचते सभासद किती; त्यात स्त्रिया किती; राखीव रकमेतली किती पुस्तकं खरोखर आली; हरवलेली पुस्तकं दर हजार देवघेवींमागे किती. कार्यक्रम किती झाले आणि उपस्थिती किती, हे वेगळं लिहा, यात मिसळू नका. पहिल्या सहा महिन्यांत आकडा 5वरून 9वर गेला तरी चांगलं काम झालं असं समजा. 40वर गेला तर नोंदवही तपासा. बहुधा सगळ्या वस्तीची नावं एकाच दिवशी लिहिलेली असतात.

पेटीतली देवघेव अचानक थांबली तर आधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, मग मानधन पोचलं का ते, आणि मग पुस्तकं किती दिवस बदललेली नाहीत ते. कारण बहुधा या तिन्हींपैकीच एक असतं. लोकांना वाचायची आवड नाही, हा निष्कर्ष या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय कुणी काढू नये.

वर्ष संपायच्या एक महिना आधी सहकार्यपत्र पुन्हा वस्तीत वाचा. कुठलं कलम पाळलं गेलं नाही, दोन्ही बाजूंनी, ते समासात लिहा. नव्या पत्रात राखीव रकमेचा आकडा वाढवायचा की नाही हे तिथेच ठरवा, त्याच बैठकीत सह्या घ्या, आणि एक प्रत पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूनं चिकटवा.